मॅडम, ते जमंना

एका दादांनी लांबलचक लिहून विचारलंय, त्यातलं मुख्य तेवढं इथं देते. त्यांचं वय २७, बायकोचं २२, लग्नाला ५ महिने झाले. संबंध होत नाही, "आत जातच नाही", बायकोला दुखतं आणि ती रडायला लागती. पहिल्या रात्री रक्त आलं नाही, त्यावरून एका मित्रानं डोक्यात नको ते भरवलंय. स्वतःचं लवकर होतंय, साईज कमी असंल का, लग्नाआधीच्या सवयीनं नस कमजोर झाली का. घरचे आत्तापासूनच "काही गोड बातमी?" म्हणायलेत, तर दिवस राहायला कोणते दिवस चांगले. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "लघवीची जागा अन् ती जागा एकच असती का वेगळी, हे विचारायला पण लाज वाटायलीय."

दादा, या सगळ्यातला खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते. मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी माझी स्त्रीरोगाची ओपीडी आहे, वीसेक वर्षं झाली, आणि "मूलबाळ होईना" म्हणून येणाऱ्यांत दरवर्षी दोन-चार जोडपी अशी निघतातच की आजार कुणालाच नसतो, त्यांचा संबंधच कधी झालेला नसतो. अडाणी असतात असं समजू नका, एक पोरगा बँकेत होता, एक पोरगी डी.एड. झालेली. शाळेत तो धडा सरांनी "घरी वाचून घ्या" म्हणून सोडला, घरी कुणी बोललं नाही, आणि मोबाईलवर जे बघितलं त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. आजारावर औषध देता येतं, पण कुठं काय आहे हेच माहीत नसल्यावर गोळी कशाची देणार.

तर ऐका. बाईला खाली तीन वेगवेगळ्या वाटा असतात. सगळ्यात पुढं लघवीची, इतकी बारीक की नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. तिच्या मागं मधली वाट, तीच योनी, आमच्या सिस्टर तिला मायांग म्हणतात. पाळीचं रक्त तिथूनच येतं, संबंध तिथूनच होतो आणि बाळ पण तिथूनच बाहेर येतं. आणि सगळ्यात मागं शौचाची. पुरुषाला मात्र लघवी आणि वीर्य दोन्हीला एकच नळी, त्यामुळं त्याला वाटतं बाईचं पण तसंच असणार, ही चूक अगदी साहजिक आहे, त्यात लाजायचं काही नाही. (लगेच पुढचा प्रश्न येतो की मग आमची लघवी वीर्यात मिसळती का, तर नाही, वीर्य यायच्या वेळी मूत्राशयाचं तोंड आपोआप आवळलं जातं.) बाईची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटरची आणि योनीला अगदी लागून, म्हणून नवीन लग्न झालेल्या पोरींना लघवीला आग होणं, सारखं लागणं हे फार होतं. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, धुताना पुढून मागं धुवावं, पाणी भरपूर प्यावं, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. त्याला नवरा वाईट चालीचा असल्याचा पुरावा समजू नये, आमच्याकडं यावरून माहेरी गेलेली पोरगी मी बघितलीय.

या तीन वाटांच्या वर, पुढच्या बाजूला जिथं आतल्या पाकळ्या एकत्र येतात, तिथं एक बारीक दाणा असतो, त्याला क्लिटोरिस म्हणतात, पुस्तकी मराठीत शिश्निका. बाईला सुख बहुतेक करून तिथून मिळतं. बाहेर दिसतो तो नुसता शेंडा, बाकीचा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, आणि गंमत म्हणजे हे डॉक्टरांच्या पुस्तकातही नीट नव्हतं, ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल नावाच्या सर्जन बाईंनी १९९८ साली त्याची नीट रचना छापली तेव्हा कुठं लोकांनी मनावर घेतलं. म्हणजे डॉक्टर लोकांचीच ही तऱ्हा, तर तुमचं काय घेऊन बसलात.

योनी म्हणजे बोगदा नाही, हे दुसरं. माझ्या टेबलाच्या खणात एक मोजा ठेवलेला आहे, नवा कोरा, निव्वळ हे दाखवायला. मोजा रिकामा असला की त्याच्या दोन्ही बाजू एकमेकीला चिकटून असतात, आत पोकळी नसती, काही गेलं तर तेवढीच जागा होती. योनीचं अगदी तसंच आहे. एरवी ७ ते १० सेंटिमीटर लांब, बाईचं मन तयार असलं, अंग तयार असलं की ती लांब होती, रुंद होती, आतून ओली होती. आणि ती सरळ वर जात नाही, बाई उताणी झोपली असली तर तिची दिशा तिरकी खाली, कमरेच्या मणक्याकडं असती. निम्मी जोडपी इथंच चुकतात, वरच्या दिशेनं जोर लावतात, वर लघवीची जागा आणि हाड, मग दुखणार नाही तर काय. कमरेखाली उशी घेतली तर बऱ्याच जणांचं तेवढ्यावर सोपं होतं. आतल्या टोकाला गर्भपिशवीचं तोंड, बोट लावलं तर नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, ते बघून काही बायका घाबरून येतात की आत गाठ आहे, ती गाठ नाही. पिशवी स्वतः उलट्या पेरूसारखी आणि साधारण तेवढीच, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटरच्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढी दोन बीजांडं (ओव्हरी).

आता दुखण्याचं, कारण तुमच्या बायकोचा मुख्य त्रास तो आहे.

मागं एक जोडपं आलं होतं, लग्नाला तीन वर्षं, सोबत सासूबाई आणि मेडिकलच्या पिशवीत पेपरच पेपर. सोनोग्राफ्या, थायरॉईड, हार्मोन, अंडी तयार व्हायच्या गोळ्या दोनदा घेऊन झालेल्या. एवढ्या सगळ्यात एकानंही त्यांना संबंध नीट होतो का हे विचारलेलं नव्हतं. सासूबाईंना आमच्या ओपीडीत काम करणाऱ्या मावशींनी बाहेर नेलं, नवऱ्याला पण पाच मिनिटं बाहेर पाठवलं, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, ते जमंना. वरच्यावरच होतंय." तिला वाटायचं संबंध म्हणजे एवढंच असतं. तपासायला गेले तर तिनं मांड्या घट्ट आवळल्या, टेबलावर वर सरकत सरकत डोकं भिंतीला टेकलं. मी हातमोजे काढून ठेवले आणि म्हणलं आज तपासायचं नाही, उठून बस.

मग नवऱ्याला आत बोलावून तो मोजा काढला. मोज्याचं तोंड मी मुठीत आवळून धरलं आणि त्याला म्हणलं घाला बोट. त्यानं जोर लावला, मी अजून आवळलं. अजून जोर, अजून आवळलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच हात मागं घेतला आणि बायकोकडं बघितलं. मग मी मूठ सैल सोडली, बोट आपोआप गेलं. योनीच्या तोंडाशी स्नायूंचा असाच कडा असतो, भीती बसली की तो आपोआप आवळतो, बाई ते मुद्दाम करत नाही, डोळ्यासमोर चिलट आलं की पापणी मिटती तसं. याला व्हजायनिस्मस म्हणतात. ताकदीनं ते सुटत नाही, उलट प्रत्येक वेळी दुखलं की पुढच्या वेळची भीती वाढते. त्या पोरीला प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून दिलं, बांगड्याच्या दुकानात मिळतो तसला गुलाबी दांड्याचा आरसा दिला आणि सांगितलं घरी दार लावून स्वतःचं स्वतः बघ. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मग आठवड्या-आठवड्यानं तिचं तिचं एक बोट, जेली लावून, श्वास सोडत सोडत, मग दोन, मग नवऱ्याचं एक, आणि तोवर संबंधाचा प्रयत्न बंद म्हणजे बंद, नवऱ्याला तशी तंबीच दिली होती. अडीच महिन्यांनी तिचा फोन आला, "मॅडम, जमलं", आणि लगेच ठेवून दिला.

तुमच्या बायकोचं हेच असंल असं मी न तपासता म्हणणार नाही. जंतुसंसर्ग असू शकतो, पडद्याचा भाग जाड असू शकतो, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं, असू शकतो. पण पाच महिन्यांत रडण्यापर्यंत गोष्ट गेलीय म्हणजे आधी तुम्ही थांबायचं. ती नको म्हणाली, आखडली, रडायला लागली की तिथं थांबायचं, त्या रात्री परत विषय नाही. लग्न झालं म्हणजे रोजचा हक्क मिळाला असलं काही नसतं. पंधरा-वीस मिनिटं नुसतं जवळ, हात फिरवणं, बोलणं, तिचं अंग ओलं व्हायला तेवढा वेळ लागतो, पुरुषाला मिनिटभर पुरतं म्हणून तिलाही पुरेल असं नाही. कोरडं वाटलं तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेली मिळती. खोबरेल तेल निरोधसोबत अजिबात नको, तेलानं रबर काही मिनिटांत कमजोर होऊन फाटतं. बाई वर असली तर किती आणि कधी हे तिच्या हातात राहतं, भित्र्या पोरींना ते बरं पडतं.

रक्ताचं. दादा, तुमच्या त्या मित्राला एक साधा प्रश्न विचारा, पडदा जर झाकणासारखा बंद असता तर लग्नाआधी दर महिन्याला पाळीचं रक्त कुठून आलं असतं? पडदा हा शब्दच खोटा आहे. ती योनीच्या तोंडाला कडेकडेनं असलेली पातळ झालर आहे, मधून उघडीच. कुणाची रुंद, कुणाची नुसती नावाला, कुणाची रबरासारखी ताणली जाणारी, ती संबंधातही फाटत नाही. क्वचित कुणाचा जन्मतःच पूर्ण बंद असतो, तेव्हा पाळी आतच साठती आणि छोटं ऑपरेशन करावं लागतं. पहिल्या वेळी रक्त न येणाऱ्या बायका भरपूर असतात, आणि आलं तर ते बऱ्याचदा घाईनं, कोरडेपणानं झालेली जखम असती. तपासून "ही कुमारी आहे का" हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ ला ही तपासणी बंद करा म्हणून सांगितलं, आपल्या सुप्रीम कोर्टानं २०२२ ला बलात्काराच्या केसमध्ये दोन बोटांची चाचणी करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरायचं असं म्हणलंय. आणि मुळात तुमचा संबंधच नीट झालेला नाही तर रक्त कुठून येईल, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही.

आता तुमच्याबद्दल. साईजचं भूत सगळ्या पोरांच्या मानगुटीवर आहे. २०१५ साली १५,५२१ पुरुषांची डॉक्टरांनी घेतलेली मापं एकत्र करून बघितली तर ताठ असताना सरासरी १३.१२ सेंटिमीटर आली, म्हणजे सव्वापाच इंचाच्या आत. मोबाईलवर दिसतात ते निवडून आणलेले लोक आणि कॅमेऱ्याची करामत. योनीतली जाणीव बहुतेक तोंडाजवळच्या एक तृतीयांश भागात आणि वरच्या त्या दाण्यापाशी, आत खोल फारशी नसतीच, त्यामुळं लांबीनं बाईला काय फरक पडणार. थोडं वाकडं असणं, एक अंडकोष दुसऱ्यापेक्षा खाली लोंबणं, हे नॉर्मल. कातडी मागं सरत नसंल किंवा सरल्यावर दुखत असंल तर मात्र सर्जनला दाखवा, त्याला फायमोसिस म्हणतात, छोटा इलाज आहे, आणि आत न जाण्याचं ते पण एक कारण असू शकतं.

लवकर होण्याचं. २००५ मध्ये पाच देशांतल्या ५०० च्या आसपास जोडप्यांना चक्क स्टॉपवॉच देऊन मोजलं, मधला आकडा आला ५.४ मिनिटं. अर्धा तास वगैरे गप्पा पानटपरीवरच्या. नव्यानं सुरुवात, मनात धाकधूक, त्यात बायको रडतीय, अशात पटकन होणारच, त्याला आजार म्हणत नाहीत. कायम मिनिटाच्या आत होतंय आणि दोघांनाही त्याचा त्रास आहे, तेव्हा इलाज करायचा, थांबून-थांबून करायचे व्यायाम आहेत, साध्या गोळ्या पण आहेत, पण डॉक्टरनं लिहून दिलेल्या. ताठपणा येत नसंल तर सकाळी उठताना येतो का बघा, येत असंल तर यंत्र ठीक आहे, मनाची भीती आहे. कधीच येत नसंल तर शुगर, बीपी तपासा आणि गुटखा बंद करा, कारण ताठपणा म्हणजे रक्त भरणं, त्यात हाड नसतं, आणि तंबाखू रक्ताच्या नळ्याच आखडवते. एसटी स्टँडच्या संडासात आणि रस्त्याकडच्या भिंतीवर "मर्दानी ताकद" लिहिलेलं असतं ना, त्या पुड्यांत पुष्कळदा ताठपणाची इंग्रजी गोळीच कुटून घातलेली असती. हृदयाच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं ती घेतली तर बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो.

आणि सवयीनं नस कमजोर होती हे साफ खोटं. हस्तमैथुनानं काहीही कमी होत नाही, झोपेत होतं तेही नॉर्मल. ४० थेंब रक्ताचा एक थेंब होतो वगैरे जे सांगतात त्याला आधार नाही, वीर्य म्हणजे मुख्यतः दोन ग्रंथींचा पातळ रस, त्यात शुक्रजंतूंचा वाटा दोन-चार टक्के, आणि ते रोज नवे तयार होतच असतात, एक खेप तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. "धातू चालली" म्हणून खंगणारी पोरं आपल्याकडं इतकी की डॉ. एन. एन. विग या मानसोपचार तज्ज्ञांनी १९६० मध्ये त्याला धात सिंड्रोम असं नावच दिलं, यात अशक्तपणा येतो तो धातू जाण्यानं नाही, काळजीनं. आपल्या मराठीत र. धों. कर्वे हे सगळं शंभर वर्षांपूर्वी सांगत होते, १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये कोर्टात उभं राहावं लागलं. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड भरला. प्रश्न मात्र तेच आहेत, तुमचाही त्यातलाच.

दिवस राहायचं. आधी संबंध नीट होऊ द्या, घरच्यांना सांगा डॉक्टरीणबाईंनी सहा महिने विषय काढायचा नाही म्हणलंय, माझं नाव बिनधास्त पुढं करा. हिशोब असा आहे की पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं. पाळी २८ दिवसांनी येत असंल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३५ दिवसांनी येत असंल तर एकविसाव्या, लोक सगळ्यांना सरसकट चौदावाच सांगतात आणि फसतात. बीज जगतं १२ ते २४ तास, शुक्रजंतू आत पाच दिवस टिकू शकतात, म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस कामाचे. तारखा मोजत बसण्यापेक्षा दोन-तीन दिवसाआड संबंध ठेवला तर आपोआप जमून येतं. नंतर बाहेर ओघळतं म्हणून बायका पाय वर करून, भिंतीला टेकवून झोपतात, गरज नाही, जे पोचायचं ते मिनिटांत वर गेलेलं असतं, ओघळणारं पाणी आहे. वर्षभर प्रयत्न करून राहिलं नाही तर तपासण्या, बायकोचं वय ३५ च्या पुढं असंल तर सहा महिन्यांनीच. आणि पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची, सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखणारी तीच, तरी आमच्याकडं ती सगळ्यात शेवटी होती, बाईच्या चार सोनोग्राफ्या झाल्यावर, का तर पोराला लाज वाटती.

मुलगा की मुलगी हे तुमच्या शुक्रजंतूवर ठरतं, एक्स गेला तर मुलगी, वाय गेला तर मुलगा, बाईकडं फक्त एक्सच असतो. हे मला वेगळं लिहावं लागतं कारण २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी, आणि "हिला पोरीच होतात" म्हणून सूनच टाकायची भाषा अजून कानावर येती.

तुम्ही विचारलं नाही, पण बीडचा विषय निघालाच आहे तर तुमच्या आई-मावशीच्या वयाच्या बायका जे विचारतात ते पण लिहिते: पिशवी काढल्यावर संबंध ठेवता येतो का. येतो. पिशवी काढतात, योनी काढत नाहीत, तिचं वरचं टोक शिवून बंद करतात, सहा-आठ आठवडे टाके भरू द्यायचे, मग चालतं. पण बीजांडं पण काढली असतील तर दुसऱ्या दिवसापासून पाळी गेल्यासारखं होतं, अंगातून वाफा, कोरडेपणा, हाडं ठिसूळ. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे, काढायची कशाला? २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. देशात १५ ते ४९ वयात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असतं, इथं सहा जणींत एक. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीच्या कामावर, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत फडात संडास नाही, पाणी नाही, अंगावरून पांढरं जातं, मग कुणीतरी सांगतं पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका. तिशीतल्या बाईची.

पांढरं जाणं बहुतेक वेळा आजारच नसतो. योनी स्वतःला साफ ठेवती, आत आंबट वातावरण असतं, ते राखणारे जिवाणू दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, म्हणून आत साबण, जंतुनाशक, तुरटी काही घालायचं नाही, बाहेरून साधं पाणी. बीज सुटायच्या दिवसांत तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट जाणं ही चांगली खूण आहे. खाज, घाण वास, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट रंग, किंवा संबंधानंतर रक्त, यातलं काही असंल तर दाखवायचं, आणि दाखवायचं म्हणजे पिशवी काढायची नाही, आठवड्याच्या औषधानं जातं बहुतेक, दोघांनी घ्यायचं का एकीनं ते डॉक्टर सांगतील. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती असंल तर तपासणी करा. त्याला कारण एचपीव्ही नावाचा विषाणू, संबंधातून पसरणारा, आणि तो एका तपासणीत पकडला तर किती बायका वाचतात हे साऱ्या जगाला कुठं कळलं माहितीय का, आपल्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. मुंबईचं टाटा आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल यांनी १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला, २००९ मध्ये तो छापून आला, एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पिशवी न काढता. आणि त्याच पट्ट्यात आम्ही कॅन्सरच्या भीतीनं पिशव्या काढत बसलो, याचा मला अजून राग येतो.

बाकीचं पटापट. पाळीत संबंध ठेवला तर पाप नाही आणि रोगही नाही, दोघांना चालत असंल तर, निरोध बरा. गरोदरपणात चालतो, रक्त जात असंल किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असंल तर नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे थांबा, आणि पाळी आली नाही तरी दिवस जाऊ शकतात हे ध्यानात ठेवा. तांबी नवऱ्याला टोचत नाही, तिचा दोरा मऊ असतो, टोचलाच तर आम्ही कापून देतो. इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, ती गर्भ पाडत नाही, बीज सुटणं लांबवती, आणि दर आठवड्याला घ्यायची ती गोष्ट नाही. नसबंदी पुरुषाची सोपी, बिनटाक्याची, दहा-पंधरा मिनिटांची, ताकद जात नाही, वीर्य येतं तसंच येतं, फक्त तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं. तरी २०१९ ते २१ च्या देशाच्या पाहणीत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. मी एका गड्याला समजावून सांगत होते तर त्याच्या आधी त्याची बायकोच म्हणाली, "नको मॅडम, ह्यांना मोळी उचलायची असती." मोळी ती स्वतः पण उचलायची, डोक्यावरून, ट्रकच्या फळीवर चढून.

शेवटी तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट, जी तुम्ही ओघात लिहून पुढं गेलात. दोन खोल्यांचं घर, मधी पडदा, पडद्यापलीकडं आईवडील. दादा, माझ्या मते निम्मं दुखणं तिथंच आहे. पत्र्याच्या खोलीत कूस बदलली तरी आवाज होतो, तुमची बायको अंग सैल कशी सोडणार, तिचे कान पडद्याकडं. चार दिवस कुठंतरी जाऊन या, तुळजापूर करा, औंढ्याला जा, देवदर्शनाला म्हणल्यावर घरचे हसत पाठवतात, लॉजला कडी असती. नाही जमलं तर दोघं मिळून एखाद्या स्त्रीरोग तज्ज्ञाकडं जा, तुम्ही बाहेर गाडीवर बसून तिला एकटीला आत पाठवायचं नाही. जुने पेपर असतील तर न्या, पाळीच्या तारखा लिहून न्या. सासू सोबत येतीच म्हणाली तर येऊ द्या, पण तिला बाकड्यावर बसवा. आमच्याकडं आलात तर मावशी चहा पाजून गप्पांत गुंतवती, त्यात तिचा हात कुणी धरत नाही.